सरकी उकडणारी बाई

अंबादास, काल पद्मावहिनींनी एक वाक्य सांगितलं आणि तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. तुझ्या दहाव्याचं सगळं आवरून मी निघालो होतो. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "मैनूभाई, तुमचं फार कौतुक होतं त्यांना. येईल त्याला सांगायचे, माझं एकट्या मैनूनं ऐकलं, छडी टाकून दिली बघा."

मी मान हलवली. तोंडातून 'हो' गेलं की काय, तेही आता आठवत नाही. रिक्षा न करता चालत घरी आलो, पाणी प्यालो, परत बाहेर पडलो. सलमा म्हणाली, अहो, बसा की जरा. बसवेना.

मी तुझं ऐकलं नव्हतं रे. छडी मी खाली ठेवली ती सरकारी परिपत्रक आलं म्हणून. हेडमास्तरांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, त्यात माझीही होती. तू वर्गात येऊन बोलून गेलास, त्यानंतरही चार वर्षं मी पोरांना हात पुढे करायला लावतच होतो. हे तुला सांगायला मला किती संध्याकाळी मिळाल्या! निवृत्तीनंतर आपण रोज तलावापर्यंत फिरायला जायचो. गुडघ्यांवर बोललो, नातवंडांवर बोललो, पाण्याच्या टँकरवर बोललो. एवढं एक बोललो नाही. आणि तू तिकडे चारचौघांत माझं कौतुक करत बसलास.

आपली दोस्ती जमली ती मराठीवर. तू सोलापूरच्या पूर्वभागातला, घरात तेलुगू. मी विजापूर वेशीतला, घरात दखनी. दोघांची मराठी दाराबाहेरची, शाळेत शिकलेली, आणि शुद्धलेखनात दोघेही सारखेच नापास. दहावीनंतर तू गिरणीत गेलास. मी शिकत राहिलो आणि इतिहासाचा मास्तर झालो. तू पुढे जॉबर झालास, म्हणजे मागांच्या एका रांगेचा कारभारी. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि माणूस चुकला की ओरडायचं, एवढंच काम, असं तूच सांगायचास. तुझा आवाज सगळ्या खात्यात मोठा होता. मागांच्या खडखडाटावर चढणारा आवाज लागतो, म्हणायचास.

गिरणी बंद पडली तेव्हा तो आवाज बसला. काही वर्षं तू दुसऱ्यांच्या पॉवरलूमवर काढलीस. मग कुणा एजंटानं आफ्रिकेतल्या एका कापडगिरणीतली नोकरी आणली आणि तू माझ्याकडे आलास. "मास्तर, मोझांबिक कुठं आलं सांग की."

मी शाळेतला नकाशा उघडला आणि आफ्रिकेच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. "हे बघ. पोर्तुगीजांचं होतं. आपल्या गोव्यासारखं."

"गोव्यासारखं म्हणजे चांगलं असेल की."

"असेल," मी म्हणालो. इतिहासाच्या मास्तरचं तेवढंच ज्ञान. युरोपातल्या देशांनी आफ्रिका आपसांत वाटून घेतली, हे एक वाक्य मी दरवर्षी पोरांना अधोरेखित करायला लावायचो. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. वाटून घेतली म्हणजे काय केलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

चार वर्षांनी तू परत आलास. पत्रांतून तू आंबे, भुईमूग आणि डासांविषयी लिहायचास, त्यामुळे मला वाटायचं, मजेत आहेस. पण परत आलेला अंबादास हळू बोलणारा होता. वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तिकडं काय झालं का हो? हे रागवतच नाहीत." मला हसू आलं होतं. नवरा रागवत नाही ही तक्रार पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग एका रविवारी दुपारी तुझ्या घरी आलो. वीज गेली होती, त्यामुळे गल्लीतले सगळे माग थांबलेले. पूर्वभागात एवढी शांतता क्वचित असते. तू कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर खात होतास. मी विचारलं नव्हतं, तरी तू आपणहून सांगायला लागलास.

तुझ्या खात्यात अमादे नावाचा एक विणकर होता. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा, कामाला चोख. एक दिवस त्याच्या मागावर सूत तुटत राहिलं आणि त्याच्या लक्षात आलं नाही. बराच कपडा वाया गेला. वर मॅनेजर तुझ्यावर तापलेला. तू हातात धोटा, म्हणजे मागातून सूत नेणारा लाकडी तुकडा, घेऊन अमादेपुढे गेलास आणि सोलापूरला ओरडायचास तसा ओरडलास. मराठीत, तेलुगूत, येईल त्या पोर्तुगीजमध्ये.

"आणि मैनू, त्यानं काय केलं माहितंय? माग बंद केला. हात पुसले पँटला. आणि दोन्ही हात माझ्यापुढं केले. असे. तळवे वर."

तू मला करून दाखवलंस. भाकरीचा चुरा लागलेले तुझे दोन्ही तळवे माझ्यासमोर आले.

"मला वाटलं, धोटा मागायलाय. मी त्याच्या हातात ठेवला. त्यानं धोटा बघितला, मला बघितलं, आणि थरथरायला लागला. सगळं खातं थांबलं. सगळे माझ्याकडं बघायलेत. मला कळेनाच, मी काय केलो."

गिरणीतला कॅशियर गुजराती होता, त्याच्या तीन पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यानं तुला हिंदीत समजावलं. पोर्तुगीज असताना चुकलेल्या माणसानं असे हात पुढे करायचे असत. मग त्यावर पाल्मातोरिया मारायचे. तू मला ती वस्तू समजावून सांगितलीस: जाड लाकडाचा झारा समज, भजी तळायचा असतो तसा, भोकं पाडलेला. तळव्यावर बसला की भोकांतून कातडं वर ओढलं जायचं. कॅशियर म्हणाला, म्हाताऱ्याला वाटलं तुम्ही मारणार. पोर्तुगीज जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, अंबादास. आणि साठी उलटलेला माणूस हात पुढे करून उभा राहिला, तुझ्यापुढे, सोलापूरच्या एका जॉबरपुढे.

पुढच्या रविवारी तू त्याची माफी मागायला त्याच्या गावी गेलास. बरोबर कॅशियरला घेतलंस, आणि वहिनींनी पाठवलेली शेंगाची चटणी. तिथं तुला त्याची आई भेटली. झैनाबू. ऐंशीच्या पुढची, वाळलेली, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली. "तुझ्यातलीच की, मैनू. नमाज पढायची. तिकडं आईला 'मामा' म्हणतात. मी तिला मामा म्हणायचो आणि मला हसू यायचं." तिनं चटणी चाखली आणि ओळखली. भुईमूग! आमचाच की हा, म्हणाली. मग म्हणाली, आमच्या रानात पण व्हायचा, लावू दिला तेव्हा.

त्या एका वाक्यावरून पुढचं सगळं निघालं. ते तू मला त्या दुपारी सांगितलंस आणि नंतरही अनेकदा सांगितलंस. आज मी ते लिहून ठेवतो आहे, कारण आता सांगणारा तू नाहीस आणि माझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही.

पोर्तुगीजांना त्यांच्या देशातल्या गिरण्यांसाठी कापूस हवा होता. म्हणून प्रत्येक घराला जमीन आखून दिली आणि हुकूम केला, इथं कापूसच लावायचा. विचारायची सोय नव्हती. ज्या दिवसांत ज्वारी-मक्याची खुरपणी करायची, त्याच दिवसांत कापसाची खुरपणी. आधी कापूस, मग तुमचं पोट. देखरेखीला पोलीस असायचा. "त्याला काय म्हणतात माहितंय?" तू मला विचारलंस. "सिपाय. आपला शिपाई! इथनं उचललेला शब्द तिकडं नेऊन त्यांच्या डोक्यावर बसवलाय." तो शिपाई गोरा नसायचा. त्यांच्यातलाच, आजूबाजूच्या गावचा काळा माणूस असायचा. गोरा साहेब खुर्चीवर बसून बघायचा.

पोटाला काही पिकेना. लोक कंद खायला लागले, ज्याचा आपण शाबू करतो ते. तेही संपले की रानातली मुळं. त्या साली झैनाबूची धाकटी लेक गेली. अमिना. तीन वर्षांची. ताप नाही, काही नाही. सकाळी उठलीच नाही.

मग झैनाबूनं आणि शेजारच्या दोघींनी एक ठरवलं. पेरणीला सरकी वाटली गेली, ती त्यांनी घरी नेली, भांड्यात पाणी ठेवलं आणि सगळी सरकी उकडली. उन्हात वाळवली आणि शिपायाच्या देखत, त्यानं सांगितलेल्या अंतरावर, ओळीत पेरली. तिघींचा हिशेब साधा होता. उगवलं नाही तर साहेब म्हणेल जमीन वाईट आहे, आणि नाद सोडेल. सगळं रान उगवलं आणि तेवढे तीन तुकडे कोरडे राहिले. तिथं झैनाबू भुईमूग लावणार होती.

इथं तू थांबला होतास. "काय डोकं बाईचं! मी तिथं टाळी वाजवली, मैनू. गाढवासारखी टाळी वाजवली. तिला वाटलं असेल, गोष्ट संपली असं ह्याला वाटतंय."

पण गावातल्याच एकानं जाऊन साहेबाला सांगितलं. साहेबानं जमीन उकरायला लावली, बी हातात घेऊन फोडून बघितलं. तिघींना गावासमोर उभं केलं. हात पुढे करायला लावले. मारणारा शिपाई झैनाबूच्या माहेरचा होता, तिला लहानपणापासून ओळखणारा. तो मारताना तिच्याकडे बघत नव्हता, एवढं ती म्हणाली. किती मारले ते तिनं मोजलं नाही. सात-आठ वर्षांचा अमादे आईकडे धावला, तर त्यालाही हात पुढे करायला लावले. उजव्या हाताची तिची बोटं त्यानंतर कधीच पूर्ण मिटली नाहीत. मुसळ धरता येईना. नवऱ्याला दोरी बांधून घायपाताच्या मळ्यावर सक्तीच्या कामाला नेलं. तो परत आला नाही. मेला की दुसरीकडे पळाला, हे तिला पन्नास वर्षं कळलं नाही. सवाष्ण की विधवा तेसुद्धा कळलं नाही, असं तू म्हणालास तेव्हा आतून वहिनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या तसाच धरून.

आणि मग त्या बाईनं तुला विचारलं होतं, "तू कपडा विणणारा. तुला ठाऊक असेल. आमचा तो कापूस कुणी अंगावर घातला?"

"मी काय सांगू, मैनू? सूत हातात आलं की ते कुठल्या बोंडाचं, कळत नाही. जन्मभर सूत हाताळलो, कधी विचारच केला नाही."

तू माफी मागायला गेला होतास, ती राहूनच गेली. म्हणून मग दर रविवारी जायला लागलास. ती मक्याचं पीठ करायची तेव्हा तू मुसळ हातात घ्यायचास. गावच्या बायका हसून लोळायच्या, पुरुष मुसळ धरतो म्हणून. तूही हसायचास. तू निघालास तेव्हा ती जिवंत होती. नंतर वर्षभरात ती गेल्याचं कॅशियरचं पत्र आलं.

हे सगळं ऐकून मी काय म्हणालो, आठवतं तुला? मला आठवतं, म्हणून तर चालत सुटलो आहे. मी म्हणालो, "अरे, आपणही गुलामीत होतोच की. ह्याच सोलापूरची माणसं इंग्रजांनी फासावर दिली. आपलं सांगून संपेना, तिकडचं कुठं घेऊन बसतोस?"

"म्हणून तर आपल्याला कळायला पाहिजे की," तू म्हणालास.

"आणि रस्ते, रेल्वे तरी केली असेल त्यांनी."

तू माझ्याकडे नुसता बघत राहिलास. तेवढ्यात वीज आली आणि गल्लीतले माग सुरू झाले.

पण तू सोडलं नाहीस. पोरांना सांग, पोरांना सांग, असा लकडा लावलास. मी म्हणायचो, अभ्यासक्रमात नाही. तू म्हणायचास, अभ्यासक्रम मारेल काय तुला? शेवटी एकदा वैतागून म्हणालो, तूच ये आणि सांग. नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, केसांना तेल लावून. पोरांनी उभं राहून नमस्ते म्हटलं तर तू गोंधळलास.

तू अमादेपासून सुरुवात केलीस. धोटा कसा असतो ते फळ्यावर काढून दाखवलंस. आणि मग, माझ्यासमोर केले होतेस तसे, दोन्ही हात पुढे केलेस. तळवे वर.

आणि मग एकेक करून पोरांचे डोळे तुझ्यावरून माझ्याकडे वळले. मी खिडकीपाशी उभा होतो. छडी टेबलावर होती. त्याच दिवशी सकाळच्या तासाला मी अख्ख्या वर्गाला गृहपाठावरून मारलं होतं. तिसऱ्या बाकावर दिगंबर नावाचा मोहोळकडचा मुलगा होता. त्यानं आपले हात हळूच बाकाखाली घेतले. एवढंच केलं त्यानं. पण सगळ्या वर्गानं ते बघितलं, आणि तूही.

झैनाबूचं नाव अजून तुझ्या तोंडून निघालं नव्हतं. मी पुढे झालो. "पाहुण्यांचे आभार," म्हणालो, "आपल्याला धडा पुरा करायचा आहे." तू खडू ठेवलास आणि बाहेर आलास. फाटकापाशी मी तुला गाठलं.

"तू मुद्दाम केलंस."

"मला काय माहीत, तू सकाळी काय केलास ते?"

"माझी छडी आणि ते सारखं आहे का? मी त्यांच्या भल्यासाठी मारतो. त्यांना शिकवतो मी, अंबादास. गुलाम नाही करत."

"सारखं हाय असं मी म्हटलो का?" तुझा आवाज अजिबात चढला नाही. "वेगळंच हाय. फक्त कसं वेगळं, तेवढं मला सांग की. मी अडाणी माणूस. मी पण लोकांवर ओरडायचो तेव्हा मला वाटायचं, कामाचं भलं करायलोय."

मी वर्गात परत गेलो. आणि नंतर दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही. तू दिसलास की रस्ता बदलायचो. ईदला तू आलास तर मी मागच्या दारानं बाहेर गेलो. सलमानं तुला शिरखुर्मा दिला आणि खोटं सांगितलं की मी सकाळपासूनच घरात नाही. तू मुकाट्यानं खाऊन गेलास. तुला कळलं असणारच.

त्या दोन वर्षांत मी जास्तच मारलं पोरांना. हेही लिहून टाकतो. तुझ्यावरचा राग होता की तुझा प्रश्न होता, कोण जाणे. हात पुढे आला की मला तुझे हात दिसायचे, आणि मग छडी जोरात बसायची.

सलमाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू सिव्हिलमध्ये न बोलावता आलास. डबा ठेवलास, बाकड्यावर माझ्या शेजारी बसलास आणि म्हणालास, "रक्त लागलं तर सांग. माझं चालतंय." तिथून आपण पुन्हा सुरू झालो. तू तो विषय परत कधीच काढला नाहीस. मी कृतज्ञ होतो, अंबादास. खरंच होतो. पण आज वाटतं, तू एकदा तरी काढायला हवा होतास. तुझ्या त्या गप्प राहण्यामागे, मी ऐकलं आहे अशी तुझी खात्री होती, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. छडी माझ्या हातात दिसेनाशी झाली आणि तू समजलास की मैनूनं ऐकलं. तुला विचारावंसंही वाटलं नाही. एवढा भरवसा माणसानं माणसावर ठेवू नये.

वहिनींना खरं सांगायचं आहे. काल रात्री ठरवलं. पण तुला नाही, वहिनींना नाही, त्याआधी आणखी एका माणसाला सांगायला हवं, हे पहाटे नमाजाला उठलो तेव्हा सुचलं.

दिगंबरचं मोहोळला खत-बियाणांचं दुकान आहे, हे जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर वाचलं होतं. सकाळची एसटी धरली. स्टँडपासून दुकान जवळच निघालं. काउंटरमागे पस्तिशीचा जाडगेला माणूस. मी ओळखलं नसतं, त्यानं ओळखलं.

"सर! तुमी हितं? या, या की. बसा." त्यानं स्वतःची खुर्ची ओढून दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला.

मी म्हणालो, "दिगंबर, मी तुला मारायचो."

तो खळखळून हसला. "सर, तुमी कुणाला न्हाय मारलं? तुमच्या छडीनंच तर आमी घडलो. त्यो मार खाल्ला म्हणून आज हितं दुकान हाय. आता मास्तर लोक हात लावत न्हाईत, म्हणून पोरं बिघडली बगा."

हे वाक्य मी आजवर प्रत्येक मेळाव्यात ऐकलं आहे. दर वेळी गोड वाटलं आहे. खोटं कशाला बोलू, घरी येऊन सलमाला सांगितलंही आहे. आज ते घशाखाली उतरेना. मी माफी मागायला गेलो होतो आणि तो माझे आभार मानत होता. तुला मी रस्त्यांचं आणि रेल्वेचं बोललो होतो, तेव्हा तू माझ्याकडे का बघत राहिलास, ते मला त्या दुकानात, युरियाच्या पोत्यांमध्ये बसून कळलं.

"माझा एक मित्र तुमच्या वर्गात आला होता," मी म्हणालो. "आफ्रिकेत राहून आलेला."

"ते काका! व्हय व्हय. हात असे केलते त्यांनी." मग म्हणाला, "कसे हायेत?"

"गेला. दहा दिवस झाले."

मी म्हणालो, "त्या दिवशी त्याची गोष्ट मी अर्धीच राहू दिली. उरलेली ऐकतोस का?"

आणि मी सांगितली, अंबादास. पहिल्यांदाच मी सांगितली. मला तुझ्यासारखी येत नाही. मधेच इतिहासाचा मास्तर घुसतो, मधेच गाडी पुढे-मागे होते. पण सरकी उकडली ते सांगितलं. अमिनाचं सांगितलं. माहेरचा शिपाई, घायपाताचा मळा, न मिटणारी बोटं, सगळं. एक शेतकरी औषध घ्यायला आला, त्याला दिगंबरनं हातानंच थांबवलं. तोही पोत्याला टेकून ऐकत राहिला. सात-आठ वर्षांच्या अमादेला हात पुढे करायला लावले, इथवर येऊन थांबलो. चहा थंड झाला होता तो मी उगाच प्यालो.

दिगंबर काउंटरवरच्या काचेकडे बघत होता. तसाच म्हणाला, "सर, एक सांगू का? राग न्हाय ना येणार?"

"सांग."

"त्या दिवशी माजा गृहपाठ झालता."

मी रिकामा कप काउंटरवर ठेवला.

"आदल्या दिवशी बसून पुरा केलता. दप्तरात व्हता. तुमी वही बगितलीच न्हाय. पहिल्या बाकापास्नं सगळ्यांना मारत आलता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर दोन जादा बसल्या असत्या की, सर." तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "हात पुढं केला की लवकर सुटायचं. सगळ्यांनाच म्हायती व्हतं."

एवढी वर्षं तो माझ्या कौतुकाची वाक्यं बोलत राहिला आणि हे एक वाक्य त्याच्या आत तसंच राहिलं होतं. मी थेट विचारलं असतं तरी ते बाहेर आलं नसतं. आणि मीही विचारलं नव्हतंच. मी फक्त एका बाईची गोष्ट सांगितली होती.

"चुकलं माझं, दिगंबर," मी म्हणालो. भल्यासाठी, शिस्तीसाठी, त्या काळात सगळेच, यातला एकही शब्द मी पुढे जोडला नाही.

तो गडबडला. "असू द्या, सर. असू द्या," म्हणत उठला आणि थांबलेल्या शेतकऱ्याला औषध काढून द्यायला लागला. डबा चुकीचा काढला, परत ठेवला, दुसरा काढला. त्याची पाठ माझ्याकडे होती. माझी एसटी चुकली तरी तो वळेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.